आधी गाव विचारा

गेल्या महिन्यात या सदरात 'ओ'ब्रायन' या आयरिश आडनावाबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यातला 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, आणि 'ब्रायन' म्हणजे 1014 साली क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेलेला राजा ब्रायन बोरू, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर आयर्लंड, स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या आडनावांनाच देते आहे. पुण्यातल्या एका ग्रंथालयात मी बत्तीस वर्षं तालिकाकार होते. लेखकाचं आडनाव कुठून सुरू होतं आणि कार्ड कुठल्या खणात जाणार, हे ठरवणं माझं रोजचं काम होतं. आता लेक आयर्लंडमधल्या कॉर्कला असते, त्यामुळे दोन वर्षांआड त्या गावात तीन-चार महिने राहणं होतं. जे सांगते ते या दोन ठिकाणी शिकलेलं आहे.

ताई, आमचा यंत्रमागाचा धंदा. मुलगा इंग्लंडमध्ये लीड्सला टेक्स्टाइलचं शिकतो. त्याच्या वर्गात एक वॉकर, एक फुलर आणि एक टकर आहे. त्याचे सर म्हणाले, तुम्ही तिघं एकाच धंद्यातले. वॉकर म्हणजे चालणारा ना? मग तो कापडाच्या धंद्यात कसा?
— एक वाचक, इचलकरंजी

सरांनी अगदी बरोबर सांगितलं, आणि तुमच्या गावाहून हा प्रश्न यावा याचा मला फार आनंद झाला.

लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा ते विरळ, तेलकट आणि खरखरीत असतं. ते ओलं करून तुडवावं लागतं. तुडवलं की लोकरीचे धागे एकमेकांत गुंततात, कापड आटतं, दाट होतं, वारा अडवायला लागतं. तेल काढण्यासाठी शिळं मूत्र वापरत, कारण त्यात अमोनिया असतो, आणि एक खास माती वापरत. इंग्रजीत त्या मातीला या फुलरचंच नाव आहे. आपण तिला मुलतानी माती म्हणतो. बाराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये हे काम पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे करू लागले, पण त्याआधी माणसं हौदात उतरून तासन् तास पायांनी तुडवत. आपल्याकडे घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तसा हा तिकडच्या लोकरीवरचा शेवटचा संस्कार.

या एकाच कामाला इंग्लंडच्या तीन भागांत तीन शब्द होते. उत्तरेत तुडवणारा तो वॉकर, नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर, आणि आग्नेयेला व पूर्व किनाऱ्याकडे फुलर. फुलर हा लॅटिनमधून आलेला, बाकीचे दोन जुन्या इंग्रजीतले. म्हणजे तुमच्या मुलाच्या वर्गातल्या वॉकरचे पूर्वज बहुधा यॉर्कशरच्या बाजूचे आणि टकरचे डेव्हनच्या बाजूचे. आडनावानं धंदा सांगितला, पण त्याबरोबर गावही सांगितलं. माझ्या मते गाव सांगितलं हीच मोठी गोष्ट आहे. 'या आडनावाचा अर्थ काय' असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, घराणं कुठलं?

कापडाच्या धंद्यानं इंग्रजीला किती आडनावं दिली ते मुलाला मोजायला सांगा. विणकर म्हणजे वेब, वीव्हर आणि वेबस्टर. रंगारी म्हणजे डायर, लिस्टर आणि डेक्स्टर. शिंपी म्हणजे टेलर. यातला 'स्टर' हा शेवट मुळात बाईचा. वेबस्टर म्हणजे विणणारी, ब्रूस्टर म्हणजे दारू गाळणारी, बॅक्स्टर म्हणजे भाजणारी. पुढे पुरुषांनाही तीच नावं चिकटली, पण माग, भट्टी आणि चूल कोणाच्या हातात होती याची खूण त्या दोन अक्षरांत राहिली.

आणि हो, आडनाव कायम झालं म्हणून धंदा कायम राहत नाही. 1377, 1379 आणि 1381 साली इंग्लंडमध्ये डोईपट्टी बसवली गेली. तिच्या याद्यांत माणसाचं नाव आणि कधीकधी शेजारी धंदा लिहिलेला आहे. काही ठिकाणी दोन्ही जुळतात, काही ठिकाणी नाही. त्याच काळात बापाचं टोपणनाव मुलाचं आडनाव होत होतं. 1538 पासून प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची नोंदवही ठेवणं बंधनकारक झालं, आणि मग ती आडनावं वहीत पक्की बसली.

मॅक हे स्कॉटिश आणि नुसतं एमसी लिहिलेलं ते आयरिश, असं आमच्या ऑफिसात एक जण छातीठोकपणे सांगतो. खरं आहे का?
— एक वाचक, ठाणे

खरं नाही. दोन्ही एकच. 'मॅक' म्हणजे मुलगा, आणि आयर्लंड व स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली गेलिक भाषा मुळात एकच असल्यानं हा शब्द दोन्हीकडे आहे. कारकुनांनी हात वाचवायला 'मॅक'चं कधी एमसी केलं, कधी नुसतं एम आणि त्यावर एक टिंब किंवा स्वल्पविरामासारखी खूण. एकाच घरातल्या दोन भावांची नावं दोन प्रकारे लिहिलेली सापडतात. म्हणूनच ग्रंथालयांचा जुना नियम असा होता की एमसी असो वा एम असो, कार्ड 'मॅक' समजूनच लावायचं. नाहीतर वाचकाला तीन खणांत शोधावं लागलं असतं. पुढे आमच्याकडे संगणक आला आणि त्यानं तीन ढीग केले, शिवाय ओ'कॉनर-ओ'नील वगैरे मंडळी त्या वरच्या खुणेमुळे भलतीकडेच जाऊन बसली. ती परत जागेवर आणण्यात माझी शेवटची दोन वर्षं गेली.

कॉर्कच्या सेंट फिनबार दफनभूमीत टेरेन्स मॅकस्विनी यांची समाधी आहे. कॉर्कचे महापौर. इंग्रजांच्या तुरुंगात 74 दिवस उपोषण करून 1920 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला वारले. गेलिकमध्ये त्यांचं आडनाव 'मॅक सिव्ना'. हे घराणं मूळ स्कॉटलंडहून लढवय्ये म्हणून आयर्लंडच्या उत्तरेला डॉनेगलमध्ये आलं आणि तिथून दक्षिणेला पसरलं. त्याच नावाचे कुणी स्वीनी झाले, कुणी मॅकस्वीनी. आता हे आडनाव आयरिश म्हणायचं की स्कॉटिश? तुमच्या मित्राला विचारा.

'मॅक'पुढे नेहमी माणसाचंच नाव येतं असंही नाही. मॅकिन्टायर म्हणजे सुताराचा मुलगा. मॅकटॅगार्ट म्हणजे धर्मगुरूचा मुलगा, मॅकनॅब म्हणजे मठाधिपतीचा. जुन्या गेलिक चर्चमध्ये हे लोक संसार करत, त्यामुळे या नावांत गैर काही नव्हतं.

मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. एखाद्या आडनावावरच कायद्यानं बंदी आली, असं जगात कुठे झालं आहे का?
— एक वाचिका, नागपूर

झालं आहे, आणि दोन्ही उदाहरणं या बेटांवरचीच आहेत.

पहिलं 1465 सालचं. चौथा एडवर्ड राजा असताना आयर्लंडच्या पार्लमेंटनं कायदा केला की डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर या चार परगण्यांत इंग्रजांमध्ये राहणाऱ्या आयरिश माणसानं इंग्रजांसारखा वेश करावा, ओठावरचे केस काढावेत आणि इंग्रजी आडनाव घ्यावं. आडनाव कुठलं घ्यायचं याची यादीही कायद्यातच आहे. गावाचं घ्या: सटन, चेस्टर, ट्रिम, स्क्रीन, कॉर्क, किन्सेल. रंगाचं घ्या: पांढरा, काळा, तपकिरी. कसबाचं घ्या: लोहार, सुतार. नाहीतर हुद्द्याचं: आचारी, बटलर. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही. माणसाच्या आजोबाचं नाव काढून घ्यायचं आणि बदल्यात त्याला एक रंग द्यायचा.

कायदा चारच परगण्यांपुरता होता आणि सगळ्यांनी तो पाळलाही नाही. खरं काम पुढच्या दोन-तीन शतकांत झालं, कायद्यापेक्षा कारकुनांच्या दौतीनं. जमिनी गेल्या, सत्ता गेली, दफ्तर इंग्रजीत गेलं. मग 'ओ' आणि 'मॅक' गळून पडले. ऐकू येईल तसं इंग्रजीत लिहिलं गेलं, किंवा नावाचं भाषांतर केलं गेलं, तेही बरोबर-चूक कसंही. 'मॅक गावन' म्हणजे लोहाराचा मुलगा. तो कुठे मॅकगोवन राहिला, पण कॅव्हन परगण्यात सरळ स्मिथ झाला. म्हणून कॅव्हनचा स्मिथ इंग्रज समजू नका. तो अस्सल आयरिश आहे, फक्त त्याचं नाव भाषांतरित आहे. 'मॅक कनरी' या नावाचा शेवट ऐकून कुणाला तो 'री' म्हणजे राजा वाटला आणि पश्चिमेकडच्या एका घराण्याचं आडनाव झालं किंग. नावाचा राजाशी काही संबंध नव्हता. 'मॅक गिला फाड्रिग', म्हणजे संत पॅट्रिकच्या सेवकाचा मुलगा, यांनी तर फिट्झपॅट्रिक घेतलं. 'फिट्झ' हा नॉर्मन फ्रेंचांचा, म्हणजे फ्रान्सहून येऊन इथे सत्ता गाजवलेल्या सरदारांचा शब्द, त्याचाही अर्थ मुलगाच. फिट्झजेराल्डसारखी बाकीची फिट्झवाली आयरिश घराणी नॉर्मन रक्ताची असतात, हे एक मात्र गेलिक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वारं फिरलं. 1893 साली गेलिक लीग स्थापन झाली, लोक पुन्हा आपली भाषा शिकू लागले आणि गळलेला 'ओ' परत लावू लागले. पण सगळ्यांनी नाही. ओ'सलिवन, ओ'कॉनर, ओ'नील परत आले. मर्फी हे आज आयर्लंडमधलं सर्वांत जास्त लोकांचं आडनाव, मूळ 'ओ मुरुखू', म्हणजे समुद्रावरच्या लढवय्याचे वंशज. पण इंग्रजी लिहिताना ओ'मर्फी म्हणणारा माणूस मला कॉर्कमध्ये आजवर भेटलेला नाही, आणि कॉर्कमध्ये मर्फी पावलोपावली भेटतात.

दुसरं उदाहरण स्कॉटलंडचं, आणि ते जास्त कठोर आहे. 1603 च्या फेब्रुवारीत ग्लेन फ्रुइन या खोऱ्यात मॅकग्रेगर कुळानं कोहून कुळाची मोठी कत्तल केली. पुढच्याच महिन्यात स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. एडिंबरा सोडून लंडनला निघण्याच्या दोनच दिवस आधी, 3 एप्रिलला, त्याच्या मंत्रिमंडळानं हुकूम काढला की मॅकग्रेगर हे नाव इथून पुढे नाही. जो लावील त्याला मृत्यूची शिक्षा. लोकांनी कॅम्बेल, मरे, ग्रँट, ड्रमंड, स्ट्यूअर्ट अशी शेजारच्या कुळांची नावं घेतली. 1661 साली दुसऱ्या चार्ल्सनं बंदी उठवली, 1693 साली ती पुन्हा आली, आणि कायमची गेली ती 1774 साली. प्रसिद्ध रॉब रॉय मॅकग्रेगर आयुष्यात बराच काळ आईचं कॅम्बेल आडनाव लावत होता, त्याचं कारण हे.

तुमच्या अभ्यासासाठी एक सुचवते. या दोन्ही कायद्यांत नाव ही शिक्षा करण्याची जागा आहे. पण पहिल्यात नाव बदललं की माणूस 'आपला' होतो, आणि दुसऱ्यात नाव पुसलं की कूळ संपतं, असं राज्यकर्त्यांनी धरलेलं दिसतं. दोन्ही अंदाज चुकले. प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घ्या.

मी फर्गसन कॉलेजची माजी विद्यार्थिनी. कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या गव्हर्नरच्या आडनावाचा अर्थ काय? मुंबई-पुण्यात अशी आणखी किती नावं असतील!
— एक वाचिका, कोथरूड, पुणे

जेम्स फर्गसन 1880 ते 1885 मुंबईचे गव्हर्नर होते. घराणं स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला एअरशरमधल्या किलकेरनचं. फर्गसन म्हणजे फर्गसचा मुलगा. 'फर्गस' या गेलिक नावात दोन शब्द आहेत, 'फर' म्हणजे पुरुष आणि 'गस' म्हणजे जोम, बळ. गेलिक नावाला इंग्रजी शेपूट लावून झालेलं हे आडनाव आहे. डोंगरातल्या माणसानं 'मॅक' पुढे लावला, सखल भागातल्यानं 'सन' मागे लावलं.

आपल्याकडे आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांत स्कॉटिश किती होते हे त्यांच्या आडनावांवरून लगेच कळतं. एल्फिन्स्टन हे एडिंबराच्या पूर्वेला ईस्ट लोदियनमधल्या एका गावाचं नाव. ज्यांच्या नावानं ग्रँट रोड स्टेशन आणि ग्रँट मेडिकल कॉलेज आहे ते रॉबर्ट ग्रँट. ग्रँट म्हणजे नॉर्मन फ्रेंचमध्ये मोठा, थोर. रे रोडचे लॉर्ड रे यांचं खरं आडनाव मॅके, म्हणजे 'एव'चा मुलगा, आणि 'एव' म्हणजे अग्नी. 'रे' हे स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाचं गाव. घराण्याची एक शाखा हॉलंडच्या सैन्यात जाऊन तिथेच राहिली होती, म्हणून हे लॉर्ड रे जन्मले हेग शहरात. एका माणसात केवढा भूगोल!

मराठ्यांचा इतिहास 1826 साली प्रसिद्ध करणारा साताऱ्याचा ग्रँट डफ मुळात नुसता जेम्स ग्रँट होता. आईकडची इस्टेट मिळाल्यावर त्यानं आईच्या घराण्याचं डफ जोडलं. 'डफ' म्हणजे गेलिकमधला 'काळा'. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं थोरात-काळे.

पण मला यात सर्वांत आवडतं ते माल्कम. महाबळेश्वरला माल्कम पेठ आहे, सर जॉन माल्कम यांच्या नावाची. माल्कम हे गेलिक 'माएल कोलम'. 'माएल' म्हणजे मुंडन केलेला, म्हणून भक्त किंवा सेवक. 'कोलम' म्हणजे संत कोलंबा, स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आयोना बेटावर मठ बांधून 597 साली तिथेच वारलेला. आणि 'कोलंबा' या लॅटिन शब्दाचा अर्थ कबुतर. बाजारपेठेत चणे-जेलीच्या दुकानांसमोरून जाताना ही पाटी दिसली की मला त्यातला मुंडन केलेला भक्त आणि ते कबुतर आठवतं.

आणि मोल्सवर्थ? ज्याच्या मराठी-इंग्रजी कोशाशिवाय माझा एक दिवस गेला नाही, त्याचं आडनाव हंटिंग्डनशरमधल्या खेड्याचं. शेवटचं 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा.

आईच्या नावावरून आडनाव पडल्याचं उदाहरण आहे का त्या देशांत?
— एक वाचिका, पेण

भरपूर. मॅरियट हे मेरीच्या लाडक्या नावावरून, एमेट हे एम्मावरून, टिलट्सन मटिल्डावरून, मेगसन मार्गारेटवरून. बाप अज्ञात म्हणूनच असं व्हायचं हा समज चुकीचा आहे. विधवा बाई घर आणि जमीन सांभाळत असेल, किंवा आई बापापेक्षा मोठ्या घरची असेल, तर गाव मुलाला आईच्याच नावानं ओळखायचं.

बीटन मात्र जपून. इंग्लंडमधला बीटन बिअॅट्रिस या बाईच्या नावावरून असू शकतो. स्कॉटलंडमध्ये तेच आडनाव फ्रान्समधल्या बेथून या गावाचं असतं. आणि पश्चिमेकडच्या बेटांवर ते पिढ्यान् पिढ्या वैद्यकी करणाऱ्या 'मॅक बेहा' घराण्याचं. अक्षरं तीच आणि घराणी तीन. गाव विचारल्याशिवाय अर्थ सांगता येत नाही तो असा.

आमच्या शेजारच्या वराड गावच्या वराडकरांचा मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान झाला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. तिकडच्या लोकांना 'कर' कळतं का?
— एक वाचक, मालवण

पेढे वाटलेत ते योग्यच केलंत! लिओ वराडकर 2017 साली पहिल्यांदा पंतप्रधान झाले. वडील मुंबईचे डॉक्टर आणि मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. 2019 च्या डिसेंबरमध्ये ते स्वतः गावी येऊन गेले.

'कर' आयरिश माणसाला समजावून सांगावं लागतं, इंग्रजाला कमी. कारण गेलिक आयर्लंडमध्ये गावावरून पडलेली आडनावं फारच थोडी आहेत. तिथे माणूस ओळखला जातो तो पूर्वजावरून, अमक्याचा मुलगा किंवा तमक्याचा नातू म्हणून. इंग्लंडमध्ये उलट, गावांची आडनावं हजारोंनी. 'टन' म्हणजे वाडी, 'ली' म्हणजे जंगलातली मोकळी जागा, 'बी' हा शेवट डेन्मार्कच्या लोकांनी आणलेला, त्याचा अर्थ गाव. ॲशटन म्हणजे आपल्या भाषेत ॲशच्या झाडांच्या वाडीचा. आणि जसं वराडात राहणाऱ्याला कुणी वराडकर म्हणत नाही, वराड सोडून मालवणात किंवा मुंबईत गेला की म्हणतात, तसंच तिकडेही. गाव सोडणाऱ्यालाच गावाचं नाव चिकटतं.

मुलीनं एडिंबराहून आमच्या जावयांच्या आडनावाचं कुलचिन्ह छापलेला मग आणला. जावई स्कॉटिश. हे चिन्ह त्यांचंच समजायचं का?
— एक वाचक, सांगली

तो मग सुखानं वापरा, चिन्हाचा फार विचार करू नका. इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ढालीवरचं चिन्ह आडनावाला दिलेलं नसतं, एका माणसाला दिलेलं असतं, आणि ते त्याच्या वारसांकडे जातं. तेच आडनाव असलेल्या दुसऱ्या घराला त्यावर हक्क नाही. स्कॉटलंडमध्ये तर त्यासाठी लॉर्ड लायन यांचं वेगळं न्यायालय आहे आणि परवानगीशिवाय दुसऱ्याचं चिन्ह लावणं हा गुन्हा आहे. पट्टा आणि बकल यांच्या गोलात मुखियाचं चिन्ह असलेला बिल्ला मात्र कुळातला कोणीही लावू शकतो. मगवर गोल पट्टा आहे की ढाल, ते बघा.

आमच्या मुलाचं लग्न एका आयरिश मुलीशी डब्लिनला झालं. आता डोंबिवलीत स्वागत समारंभ आहे. पत्रिकेसाठी सूनबाईंनी सगळ्यांची नावं गेलिकमधून लिहून पाठवली, तर वडिलांचं आडनाव 'ओ सूल्यावान', आईचं 'ई हूल्यावान' आणि सुनेचं 'नी हूल्यावान'! एकाच घरात तीन आडनावं कशी? आमचे छापखानेवाले म्हणतात, काहीतरी चूक आहे, सगळीकडे एकच छापू. काय करू?
— एक वाचिका, डोंबिवली

कृपा करून एकच छापू नका. चूक काहीही नाही. इंग्रजीत ज्याला ओ'सलिवन म्हणतात ते हे एकच आडनाव आहे, आणि सूनबाईंनी ते अतिशय शुद्ध लिहून पाठवलं आहे.

आपण मराठीत 'घोडा' म्हणतो, पण 'चा' लागला की 'घोड्याचा' होतं. शब्दाचं सामान्यरूप होतं. गेलिकमध्ये आडनावाचं तसं होतं. पुरुष स्वतः 'ओ', म्हणजे वंशज. त्याची पत्नी ही 'वंशजाची पत्नी', म्हणून 'ओ'चं षष्ठीतलं रूप 'ई'. पूर्ण म्हणायचं तर 'बॅन ई', बॅन म्हणजे बाई. मुलगी ही 'वंशजाची लेक'. लेकीला गेलिकमध्ये 'इनीन' म्हणतात, 'इनीन ई' भरभर म्हणता म्हणता 'नी' झालं. आणि या रूपांनंतर पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजन मऊ होतं, 'स'चा उच्चार 'ह' होतो, म्हणून सूल्यावानचं हूल्यावान. 'मॅक' घराण्यात असंच पत्नीचं 'विक' आणि मुलीचं 'निक' होतं. तुमच्या सुनेच्या नावातलं 'नी' हे अक्षर ती कोणाची लेक आहे ते सांगतं, लग्नानंतरही. ते तसंच ठेवायचं की नाही हा तिचा निर्णय, आणि पत्रिकेसाठी तिनं 'नी' लिहून पाठवलं आहे म्हणजे तो तिनं घेतलेला आहे.

तुम्ही तिला मूळ गाव विचारा. या आडनावाचं उत्तर बहुतेक वेळा पश्चिम कॉर्क नाहीतर दक्षिण केरी असं येतं. 'सूल' म्हणजे डोळा. पुढच्या भागाचा अर्थ कुणी काळा लावतात, कुणी एक. ती बेरा द्वीपकल्पाची असेल तर तिला डोनल कॅमची गोष्ट नक्की ठाऊक असणार. 'कॅम' म्हणजे वाकडा. कॅम्बेल म्हणजे वाकडं तोंड, त्यातलाच हा कॅम. बेराचा हा सूल्यावान सरदार इंग्रजांपुढे गड पडल्यावर 1602 च्या 31 डिसेंबरला ग्लेनगारिफहून सुमारे हजार माणसं घेऊन उत्तरेला निघाला, बायका-मुलं आणि म्हातारी माणसंही त्यात. ऐन हिवाळा, अंगावर चालून येणारे शत्रू, पोटाला काही नाही. दोन आठवड्यांनी लीट्रिमला ओ'रूर्कच्या गढीच्या दाराशी पोहोचले तेव्हा पस्तीस उरले होते. कॉर्कला लेकीच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. चारशे वर्षं झाली, पण ती त्यांच्या घरची गोष्ट होती.

पत्रिकेत असं छापा. वधूच्या आईवडिलांच्या ओळीत वडिलांच्या नावापुढे 'ओ सूल्यावान', आईच्या नावापुढे 'ई हूल्यावान'. वधूच्या ओळीत 'नी हूल्यावान'. शेजारी रोमन लिपीत छापणार असाल तर अक्षरांच्या डोक्यावरच्या तिरक्या रेघा गाळू देऊ नका. त्या आपल्या दीर्घ वेलांटीसारख्या आहेत, काढल्या की शब्द बदलतो. आणि छापायला देण्याआधी शेवटचं प्रूफ छापखानेवाल्यांकडून घेऊन सूनबाईंच्या हातात द्या. सही तिचीच घ्या.